अपराधांची उतरंड

१

मराठवाड्यातील दैनिकांच्या आतल्या पानांवर तालुक्याच्या गावांहूनही लहान अशा ठिकाणांच्या नावाने बातम्या छापून येतात. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातला देवगाव फाटा हे असेच एक नाव. सेलू, जिंतूर आणि मंठा या बाजूंचे रस्ते जिथे एकमेकांना मिळतात तिथली ही वस्ती. अशा ठिकाणांहून येणाऱ्या गुन्हेविषयक बातम्या चार-सहा ओळींच्या असतात. बांधावरून झालेले भांडण, शेळ्यांची चोरी, सामाईक विहिरीच्या पाण्यावरून मारहाण. तपशील बदलतात, शेवटचे वाक्य मात्र दोनच साच्यांतले असते. एक साचा 'गुन्हा दाखल करण्यात आला' असा, आणि दुसरा 'अदखलपात्र गुन्ह्याची नोंद घेण्यात आली' असा.

या दोन वाक्यांमधले अंतर वरवर दिसते त्याहून फार मोठे आहे. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात आणि आपणहून तपासाला लागतात. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय त्यांना तपासच करता येत नाही. फिर्यादीच्या हाती नोंदीचा कागद येतो आणि पुढची वाट न्यायालयाकडे दाखवली जाते. रोजंदारी बुडवून तालुक्याच्या न्यायालयाचे उंबरे झिजवणे ज्याला परवडत नाही त्याच्यापुरते ते प्रकरण तिथेच संपते. म्हणजे मार खाल्लेल्या माणसाला राज्यसंस्थेकडून मिळणारे पहिले उत्तर हे की, तुझ्यावर अन्याय झाला असेल, पण तो आम्ही दखल घ्यावी एवढा मोठा नाही.

हा लहानमोठेपणा ठरतो कसा? गुन्ह्यांची प्रतवारी वेदनेच्या मापाने होते अशी आपली भाबडी समजूत असते. इतिहास पाहू गेल्यास वेगळेच दिसते. प्रत्येक काळाची सत्ता आपल्याला जे जपायचे आहे त्याच्या हिशेबाने अपराधांची उतरंड रचते. तिच्यात कोणते मडके वर ठेवले आणि कोणते तळाशी, हे पाहिले की त्या समाजाला काय मोलाचे वाटत होते ते कळते. त्या दृष्टीने दंडसंहितेला जोडलेले परिशिष्ट हाही वाङ्मयाच्या अभ्यासकाने वाचावा असा मजकूर आहे. परभणीच्या परिसरावरून अशा किमान चार उतरंडी गेल्या आहेत, आणि प्रत्येकीने इथल्या मराठीत आपले शब्द मागे ठेवले आहेत.

२

पहिली उतरंड धर्मशास्त्राची. तिच्यात दोन मापे शेजारी शेजारी चालत. एक पापाचे, दुसरे दंडाचे. पापाच्या मापात महापातके पाच : ब्रह्महत्या, सुरापान, सुवर्णाची चोरी, गुरुपत्नीगमन आणि असे करणाऱ्याचा संसर्ग. त्यांच्याखाली उपपातकांची लांबलचक यादी. मनुस्मृतीतील त्या यादीत गोवध आहे. आणि स्त्री, शूद्र, वैश्य व क्षत्रिय यांचा वधही आहे. एका माणसाची हत्या पहिल्या पायरीवर आणि दुसऱ्या माणसाची हत्या खालच्या पायरीवर, अशी ही मांडणी. कृत्य तेच, हत्यार तेच, मरणही तेच. फरक फक्त मेलेला कोण होता याचा.

दंडाचे माप मात्र बरेच व्यावहारिक होते. बळजबरीने केलेल्या कृत्यांना शास्त्रकार 'साहस' म्हणतात आणि त्याच्या प्रथम, मध्यम व उत्तम अशा तीन प्रती लावतात. नारदस्मृतीनुसार फळे, मुळे, पाणी, शेतीची अवजारे यांची नासधूस हे प्रथम साहस. वस्त्रे, पशू, अन्नपाणी, घरातले सामान यांची नासधूस हे मध्यम. आणि विष वा शस्त्राने जीव घेणे, परस्त्रीवर बळजबरी हे उत्तम. याज्ञवल्क्यस्मृतीत उत्तम साहसाचा दंड १०८० पण, मध्यमाचा त्याच्या निम्मा म्हणजे ५४० आणि खालचा २७० असा चक्क आकड्यांत दिला आहे. या स्मृतीवरची विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' ही टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिली गेली. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. मराठवाड्याच्या उंबऱ्यावरचेच गाव. पुढे साहस या शब्दाचे काय झाले हे आपण जाणतोच. एके काळी ज्यासाठी दंड होई, त्याचे नाव आज शाळकरी मुलांच्या शौर्यकथांवर असते.

नांगर मोडणे हे सर्वांत हलक्या प्रतीचे साहस ठरवणारा ग्रंथकार स्वतः नांगर धरीत नव्हता, हे सांगायला नको. ऐन पेरणीच्या तोंडावर ज्याची अवजारे मोडली त्याचे वर्ष गेले. परंतु प्रतवारी करण्याचे काम त्याच्याकडे नव्हते.

मराठेशाहीत ही दोन्ही मापे चालू राहिली, पण लिखित संहितेपेक्षा रूढी, गोतसभा आणि सरकारी अंमलदाराचा विवेक यांच्या हातून. त्या काळच्या कागदपत्रांत 'गुन्हेगारी' हा शब्द जागोजागी भेटतो, आणि त्याचा अर्थ आजच्या वाचकाला चकवतो. गुन्हेगारी म्हणजे अपराधाबद्दल घेतलेला दंड. वाद जिंकणाऱ्याने सरकारात भरायची ती हरकी आणि हरणाऱ्याने भरायची ती गुन्हेगारी. महसुलाच्या हिशेबात तिची बाबच असे. अपराध किती मोठा हे सांगायचे तर किती रुपये घेतले ते सांगायचे, आणि ती रक्कमही अपराध्याची ऐपत पाहून ठरायची. मुळात 'गुनाह' हा फारसी शब्द पापाचा वाचक. पाप, त्यासाठी भरायचा पैसा आणि शेवटी कायद्याविरुद्धचे वर्तन असा या शब्दाचा प्रवास झाला आहे.

पाप आणि गुन्हा यांची ही सरमिसळ सर्वांत ठळक दिसते ती मराठी माणसाच्या मनात घर करून बसलेल्या एका प्रसंगात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. परंपरा सांगते की, रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. शब्द नीट पाहावा. प्रायश्चित्त म्हणजे पापक्षालन. न्यायाधीश जणू अपराध्याच्याच परलोकाची काळजी वाहतो आहे; पापाचे माप मरणानेच पुरे होईल असे सांगतो आहे. त्याच प्रसंगाभोवतीची 'ध चा मा' ही आख्यायिका तर प्रतवारीचीच गोष्ट आहे. 'धरावे' हा एक अपराध आणि 'मारावे' हा दुसरा. दोहोंत एका अक्षराचे अंतर. आधुनिक दंडकायद्याने हा पेच कलमात बांधला. चिथावणी एका कृत्याची दिली आणि घडले दुसरेच, तरी ते चिथावणीतून संभवणारे असेल तर चिथावणाऱ्याला घडलेल्या कृत्याचाच जबाब द्यावा लागतो. हे कलम १७७३ साली असते तर 'ध' चा 'मा' कोणी केला या प्रश्नाचे महत्त्व बरेच कमी झाले असते.

१८१९ साली एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला त्यात त्याला इथली फौजदारी व्यवस्था विस्कळीत वाटली. लिखित कायदा नाही, शिक्षेला ठराविक प्रमाण नाही, ब्राह्मणांना व स्त्रियांना सहसा देहान्त शिक्षा नाही, अशी त्याची निरीक्षणे होती. जेत्याच्या नजरेचा दोष वजा केला तरी एवढे उरतेच की, या उतरंडीत अपराधापेक्षा अपराधी कोण आणि पीडित कोण हे आधी पाहिले जाई.

३

दुसरी उतरंड इस्लामी न्यायशास्त्राची. दक्षिणेतील सुलतानांच्या, नंतर मोगलांच्या आणि १७२४ पासून आसफजाही निजामांच्या काळात परभणीचा मुलूख तिच्या छायेत होता. तिचे तीन भाग. ज्या अपराधांची शिक्षा धर्मवचनांनी कायम करून टाकली आहे ते 'हद्द' : चोरी, वाटमारी, व्यभिचार, व्यभिचाराचा खोटा आळ, मद्यपान. खून आणि शारीरिक इजा हे 'किसास'. त्यात बदला घेण्याचा, रक्ताची किंमत म्हणजे 'दियत' स्वीकारण्याचा किंवा क्षमा करण्याचा अधिकार पीडिताच्या वारसांकडे. आणि उरलेले सारे 'ताजीर', म्हणजे शासकाच्या विवेकावर सोडलेले.

या मांडणीत आजच्या वाचकाला खटकणारी गोष्ट म्हणजे चोरी हा ईश्वरी मर्यादेचा भंग आणि खून मात्र दोन घराण्यांमधला हिशेब. तिच्यात एक विचारही होता. मेलेल्याच्या घरच्यांना, त्यांच्या इच्छेला, त्यांच्या क्षमेला न्यायात जागा होती. १७९० मध्ये कॉर्नवॉलिसने बंगालमध्ये वारसांचा हा क्षमेचा अधिकार काढून घेतला आणि खून हा राज्याविरुद्धचा अपराध ठरवला. तेव्हापासून फौजदारी खटल्याच्या शीर्षकात एका बाजूला सरकारचे नाव आले आणि पीडित मनुष्य केवळ साक्षीदार उरला. आधुनिक न्यायाची ही मिळकतही आहे आणि गमावलेली गोष्टही.

आता नावाची गंमत पाहावी. इंडियन पिनल कोडचे उर्दू नाव 'ताजीरात-ए-हिंद'. त्या भाषांतराच्या कामात नजीर अहमद यांचा हात होता, जे पुढे १८६९ च्या 'मिरात-उल-उरूस' या कादंबरीमुळे उर्दू गद्याचे एक प्रवर्तक ठरले आणि काही वर्षे हैदराबाद संस्थानच्या नोकरीतही होते. ताजीर हा शब्द निवडताना भाषांतरकारांनी, कळत वा नकळत, एक मोठे विधान केले. जुन्या तीन भागांपैकी तिसरा, सरकारच्या मर्जीचा भाग तेवढा उचलला आणि सारे अपराध त्यात घातले. ईश्वराने ठरवलेली शिक्षा नाही, वारसाच्या हाती असलेली क्षमा नाही. सर्व काही राज्याने ठरवायचे. आधुनिक दंडविधानाची याहून नेमकी व्याख्या एका शब्दात करता येणार नाही.

हैदराबाद संस्थानचा स्वतःचा दंडकायदा होता. तो आसफिया दंडसंहिता म्हणून ओळखला जाई. उत्तरेला जिंतूरपलीकडे वऱ्हाडची हद्द लागे, आणि तो मुलूख १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. म्हणजे थोड्या कोसांच्या अंतराने कायदा, न्यायालयाची भाषा आणि तुरुंग, सारेच बदले. निजामी मुलखात ही भाषा उर्दू होती. दखलपात्र गुन्ह्याला उर्दू कायदेभाषेत 'काबिल-ए-दस्तअंदाजी-ए-पोलीस' म्हणतात. दस्तअंदाजी म्हणजे हात घालणे. पोलिसाने ज्यात हात घालावा तो गुन्हा. मराठीने 'दखल' हा अरबी शब्द घेतला. त्याचा मूळ अर्थ प्रवेश, शिरकाव. मराठीत त्याला एक वेगळी छटा आली. 'त्याने माझी दखलही घेतली नाही' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात मानापमान असतो. अदखलपात्र हा शब्द ठाण्यात ऐकणाऱ्याला तो तांत्रिक वाटत नाही, लागतो, याचे कारण भाषेतच आहे.

४

तिसरी उतरंड मेकॉलेची. १८३७ मध्ये त्याने मसुदा दिला; ६ ऑक्टोबर १८६० रोजी तो कायदा झाला; १ जानेवारी १८६२ पासून ब्रिटिश हिंदुस्थानात अमलात आला. त्या वेळी इंग्लंडात अपराधांचे 'फेलनी' आणि 'मिस्डिमीनर' असे दोन जुने वर्ग होते, आणि ते तिथे १९६७ पर्यंत टिकले. मेकॉलेने ते इथे आणले नाहीत. बेकारियाने १७६४ मध्ये, अपराधाचे माप पापाने वा पीडिताच्या प्रतिष्ठेने न घेता समाजाच्या हानीने घ्यावे असे मांडले होते; त्या विचाराची छाप या संहितेवर आहे. ब्राह्मणाच्या आणि महाराच्या खुनाला एकच कलम, एकच शिक्षा, हे या संहितेत लिहिले गेले. या घटनेचे मोल कमी लेखू नये.

बांधावरच्या एका भांडणातून ही संहिता कशी चढत जाते ते पाहावे. थप्पड मारली : कलम ३२३, एक वर्षापर्यंत कैद. कुऱ्हाडीसारख्या घातक हत्याराने इजा केली : कलम ३२४, तीन वर्षे. हत्यार नाही पण हाड मोडले : कलम ३२५, सात वर्षे. कुऱ्हाडीने हाड मोडले : कलम ३२६, दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप. त्यापुढे खुनाचा प्रयत्न, सदोष मनुष्यवध, खून. जबर दुखापत कशाला म्हणायचे याचे आठ प्रकार कलम ३२० मध्ये मोजून दिले होते. डोळा जाणे, कानाची श्रवणशक्ती जाणे, अवयव वा सांधा निकामी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, हाड वा दात मोडणे इत्यादी. आणि आठव्या प्रकारात, जिवावर बेतणारी किंवा वीस दिवस तीव्र वेदना देणारी वा नेहमीचे कामकाज करू न देणारी इजा. वेदनेला दिवसांत मोजण्याचा हा प्रयत्न थोडा हास्यास्पद वाटेल, पण त्यामागे न्यायाधीशाची लहर आवरण्याचा प्रामाणिक हेतू होता.

तथापि शिक्षेच्या या शिडीखेरीज दुसरी एक शिडी होती. ती दंडसंहितेत नव्हती. १८६१ पासूनच्या फौजदारी प्रक्रिया संहितांच्या परिशिष्टात होती. तिथे प्रत्येक कलमासमोर रकाने आखलेले : पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात काय, जामीन हक्काने मिळतो काय, शिक्षा किती, खटला कोणत्या न्यायालयात. सामान्य माणसाचे नशीब ठरते ते या रकान्यांत. आणि इथे सत्तेचा हिशेब उघडा पडतो.

साधी चोरी, कलम ३७९ : दखलपात्र, अजामीनपात्र. साधी मारहाण, कलम ३२३ : अदखलपात्र, जामीनपात्र. भाकरतुकडा चोरणाऱ्याला पोलीस आपणहून धरतील. बायकोला किंवा गड्याला रोज लाथाबुक्क्यांनी तुडवणाऱ्याबाबत मात्र दंडाधिकाऱ्याकडे जावे लागेल. उभे पीक कोणी उपटून टाकले तर ती आगळीक. पन्नास रुपयांवरच्या नुकसानीला कलम ४२७, दोन वर्षे, तरीही अदखलपात्र. पन्नास रुपयांचा हा आकडा १८६० मधला, आणि तो २०२४ पर्यंत तसाच राहिला. हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय यांपैकी जनावर मारले वा जायबंदी केले तर त्याची किंमत न पाहता पाच वर्षांपर्यंत शिक्षा. माणसाच्या साध्या माराला एक वर्ष. मालमत्ता, वाहतूक आणि शांतता यांवर ज्या राज्याचा महसूल उभा होता त्याने केलेली ही प्रतवारी आहे.

एका बाबतीत मात्र वसाहतीच्या राज्याने हात आखडला होता, आणि ती बाब आश्चर्यकारक आहे. राजद्रोहाचे कलम १२४ अ हे १८७० मध्ये संहितेत आले. याच कलमाखाली लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये अठरा महिन्यांची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा कठोर, पण गुन्हा परिशिष्टात अदखलपात्र. वॉरंटाशिवाय अटक नाही. राजद्रोह दखलपात्र झाला तो १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, स्वतंत्र भारताच्या संसदेत. ज्या कलमाने टिळकांना मंडालेला नेले ते कलम त्यांच्याच वारसांनी पोलिसांच्या हाती अधिक सुलभ करून दिले. शिक्षेचा आकडा न बदलता केवळ एका रकान्यातला शब्द बदलून अपराध किती मोठा करता येतो याचे याहून बोलके उदाहरण नाही.

५

कृत्यांची प्रतवारी करता करता सत्ता कधी माणसांचीच प्रतवारी करू लागते हे ध्यानात येत नाही. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीचा सदस्य असणे एवढ्यालाच जन्मठेप सांगितली. अमुक खून याने केला असे दाखवण्याची गरज उरली नाही. निजामाच्या चाकरीतला फिलिप मेडोज टेलर, ज्याने १८३९ मध्ये 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लिहिली, तो पुढे १८५३ ते १८५७ या काळात मराठवाड्यातल्याच नळदुर्गला अधिकारी होता. ठगांची जी प्रतिमा इंग्रजी वाचकांच्या मनात रुजली, तिच्यात या कादंबरीचा वाटा मोठा आहे. कायद्याने वर्ग तयार केला आणि साहित्याने त्या वर्गाला चेहरा दिला.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढचे पाऊल टाकले. आता कृत्य नको, टोळीतली भरतीही नको. विशिष्ट जमातीत जन्म पुरे. हजेरी, परवाने, तारेच्या कुंपणातल्या वसाहती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या. शब्द बदलला, नजर बदलली नाही. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) हे मराठवाड्यातल्या अशा घराचे आत्मकथन. त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हे पुस्तक आपण दलित-भटक्यांच्या साहित्याच्या प्रकरणात शिकवतो. ते गुन्ह्यांच्या वर्गीकरणाच्या इतिहासातही वाचायला हवे. पोटासाठी केलेली भुरटी चोरी आणि ती करणाऱ्याला ठाण्यात मिळणारा मार यांत मोठा गुन्हा कोणता, हा त्यातून सतत उठणारा प्रश्न कोणत्याच परिशिष्टात बसत नाही.

६

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले. १ एप्रिल १९५१ पासून भारतीय दंड संहिता तिथे लागू झाली आणि पुण्याचा व परभणीचा गुन्हा एकाच कलमाने मोजला जाऊ लागला. संविधानाने कायद्यापुढे समानता आधीच सांगितली होती. मग प्रश्न सुटला काय?

उत्तर मराठवाड्यानेच दिले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि पुढचे कित्येक दिवस या विभागातल्या खेड्यांत दलितांची घरे जळत होती. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. जाळपोळ, मारहाण, खून यांना संहितेत कलमे होतीच. पण पाणवठ्यावर अडवणे, जातीवरून हिणवणे, गावाने वाळीत टाकणे यांची नोंद व्हायची तर किरकोळ म्हणून व्हायची. कलमांना जात दिसत नव्हती; आणि जी दिसत नाही तिच्यामुळे झालेली इजा मोजता येत नाही.

१९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याने ही उणीव भरायचा प्रयत्न केला. तो ३० जानेवारी १९९० पासून अमलात आहे. चारचौघांत जातीवरून केलेला अपमान हा किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षे शिक्षेचा दखलपात्र गुन्हा झाला. अटकपूर्व जामीन बंद झाला. यावर नेहमीचा आक्षेप असा की, कायद्याने जात पाहू नये. आक्षेप घेणाऱ्यांनी पहिली उतरंड आठवावी. तिथेही कृत्याचे माप पीडित कोण यावरून ठरत होते. फक्त दिशा उलटी होती. ज्याच्या वाट्याला युगानुयुगे खालची पायरी आली त्याच्या इजेला या कायद्याने वरच्या पायरीवर नेले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, त्या घटनेचे हे विधिरूप म्हणता येईल.

या पायरीवरही ओढाताण झालीच. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक चौकशी आणि पूर्वमंजुरी यांच्या अटी घातल्या. त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती करून त्या निष्प्रभ केल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. अशीच कथा विवाहितेच्या छळाची. १९८३ मध्ये कलम ४९८ अ आले आणि जी मारहाण 'घरातली बाब' म्हणून ३२३ मध्ये जात होती ती दखलपात्र व अजामीनपात्र झाली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आपोआप अटक करू नये असे बजावले, तेही याच कलमाखालच्या एका खटल्यात. दखलपात्र म्हणजे लगेच बेडी नव्हे, हे आरोपीच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने योग्यच झाले. पण कोणत्या गुन्ह्याबाबत ही आठवण आधी झाली, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

७

चौथी उतरंड १ जुलै २०२४ पासूनची. भारतीय न्याय संहितेने ५११ कलमांचा ऐवज ३५८ कलमांत बसवला. पिढ्यान्‌पिढ्या बोलीत रुळलेले आकडे बदलले. खुनाचे कलम आता १०३, फसवणुकीचे ३१८. 'चारशेवीस' हा शब्द मात्र कायदा गेला तरी भाषेत राहील. ठग असण्याचे कलम गळाले. जबर दुखापतीच्या आठव्या प्रकारातले वीस दिवस पंधरा झाले. पाच दिवसांनी वेदनेचे वजन वाढले. साधी मारहाण पूर्वीप्रमाणेच एक वर्षाची, अदखलपात्र, जामीनपात्र राहिली.

आणि चोरीत एक नवी पायरी आली. मेकॉलेने चोरीला किमतीची अट घातली नव्हती. इंग्लंडात बारा पेन्सवरची चोरी मोठी आणि त्याखालची लहान असा जुना भेद होता. तो तिथे १८२७ मध्ये टाकून देण्यात आला. आपल्याकडे २०२४ मध्ये पाच हजार रुपयांची रेषा आली. त्याहून कमी किमतीचा ऐवज, चोर पहिल्यांदाच दोषी ठरलेला, आणि माल वा त्याची किंमत परत केलेली, असे असेल तर शिक्षा सामुदायिक सेवेची. या चोरीला परिशिष्टात अदखलपात्र ठरवले आहे. भुकेपोटी हात मारणाऱ्याला तुरुंगात न कुजवणे हा विचार स्वागतार्ह आहे. 'उचल्या' वाचलेल्या कोणालाही तो पटेल. पण रेषेला दुसरी बाजू असते. देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी एखाद्या विधवेची दावणीची एकुलती शेळी पाच हजारांहून कमी किमतीची असू शकते, मजुराचा मोबाइलही. चोर सापडलेलाच नाही, तेव्हा तो पहिल्यांदा चोरी करतो आहे की दहाव्यांदा, हे ठाण्यात कोण ठरवणार? आणि तपासच नाही तर तो सापडणार कसा? अपराध्याकडे पाहून केलेली दया पीडिताच्या बाजूने बेदखली ठरू शकते. शेळीची किंमत कायद्याने रुपयांत मोजली; तिच्या धनिणीच्या एकूण चीजवस्तूत शेळीचा वाटा किती हे मोजले नाही.

याचा अर्थ प्रतवारीच नको असा नव्हे. थप्पड आणि खून यांत भेद न करणारा कायदा क्रूर ठरेल, आणि रामशास्त्र्यांसारखे न्यायाधीश सगळ्याच काळांत मिळत नसल्याने ठरलेल्या पायऱ्या हव्यातच. प्रश्न एवढाच की, उतरंड रचणाऱ्याने तळाच्या मडक्यावर किती भार पडतो ते पाहिले का.

इथे भाषेच्या शिक्षकाचा संबंध येतो. फिर्याद ही बोलीत सांगितली जाते आणि लेखी मराठीत उतरवली जाते. 'शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली' हे वाक्य आपल्याकडच्या असंख्य फिर्यादींत जसेच्या तसे आढळते. सांगणाऱ्याने काठी म्हटले होते की कुऱ्हाडीचा दांडा, शिवी जातीची होती की नुसती, किती दिवस उठता आले नाही, हे तपशील त्या साच्यात गाळले गेले की गुन्हा आपोआप खालच्या पायरीवर उतरतो. त्या कागदावर कोणता शब्द राहिला आणि कोणता गेला, यावर दखल ठरते. शब्दांच्या निवडीचे महत्त्व आपण कवितेच्या तासाला शिकवत असतो. पोलीस ठाण्याच्या टेबलासमोर उभ्या असलेल्या माणसाला त्याची गरज अधिक आहे.